धाकट्याचा नकार

माझ्या भावाला मीठ घातलेला चहा द्यायचा, असा ठराव त्या गटानं माझ्या तोंडावर पास केला, तेव्हा मी पर्स खांद्याला लावून उभीच राहिले. म्हटलं, तुमचं संशोधन गेलं खड्ड्यात. माझा भाऊ काय उंदीर आहे, हे पाजून बघा नि ते पाजून बघा?

"ताई, खाली बसा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "तुम्ही हात वर न करता बोललात."

आणि टेबलावर लाकडी चमचा आपटला. मी बसले. का बसले ते देवालाच ठाऊक. एरवी माझ्यापुढे भल्याभल्यांची बोलती बंद होते.

अध्यक्षबाईंचं वय चौतीस. उंची माझ्या खांद्याएवढी, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, बोलणं जड आणि सावकाश. त्यांना डाउन सिंड्रोम आहे. नवीन काही शिकायचं तर इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो. पहिल्या दिवशी मी त्यांना "अगं बाळ" म्हटलं होतं. तेव्हाही चमचा आपटला होता. आता मी अहो म्हणते, आणि ते काही चमच्याच्या धाकानं नाही.

पण थांबा, असं मधूनच सांगून चालायचं नाही.

मी कपडे दुरुस्त करते. नवे शिवत नाही. पँटची लांबी कमी करणं, चेन बदलणं, घट्ट झालेलं सैल करणं आणि सैल झालेलं घट्ट करणं. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं. धाकटा माझ्याहून बारा वर्षांनी लहान. वय वर्षं एकावन्न, घरातलं नाव छोटू. तो बोलत नाही, कधीच बोललेला नाही. लहानपणी डॉक्टरांनी बरीच मोठमोठी नावं सांगितली, त्यातलं ऑटिझम हे एक शेवटपर्यंत टिकलं. तोंडानं बोलत नसला तरी पोटातून एक आवाज चालू असतो, हम्म्म असा, बारीक आणि लांबलचक. माझ्या मशीनच्या मोटरमध्ये तो आवाज इतका मिसळून गेलेला, की तो कधी चालू असतो आणि कधी बंद हे मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. त्याचं जेवण, आंघोळ, कपडे सगळं मीच बघत आले. लोक विचारायचे, "याला काय हवंय?" मी सांगायचे. लोक विचारायचे, "चालेल ना याला?" मी म्हणायचे, "हो म्हणतोय तो." आईनंतर एकोणीस वर्षं मी त्याच्या वतीनं हो म्हणत आले.

मग माझ्या हृदयाची झडप कुरकुरायला लागली. ऑपरेशनची तारीख मिळाली, पुढच्या महिन्यातली. सहा महिने काही जड उचलायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यानंतर काय, असं मी विचारलं तर ते खिडकीबाहेर बघायला लागले. मला काय ते कळलं.

शेवटच्या बसथांब्यापाशी एक दुमजली घर आहे. तिथं धाकट्यासारखी सहा माणसं राहतात, प्रत्येकाला आपली खोली, मदतीला पगारी माणसं. त्यातली एक खोली रिकामी झाली होती. दुसरा पर्याय म्हणजे शहराबाहेरचं साठ खाटांचं वसतिगृह. तिथं मी एकदा बघायला गेले होते आणि परत आल्यावर दोन दिवस अन्नाला शिवले नाही. म्हणून घाईघाईनं त्या घराचा फॉर्म भरला. "राहायला येणाऱ्याची स्वतःची इच्छा" अशी एक चौकट होती, तिथं धाकट्याचा अंगठा शाईत बुडवून उठवला आणि दिला पाठवून. तिसऱ्या दिवशी फॉर्म परत. तिथल्या व्यवस्थापक बाईंचा फोन आला, "अंगठा चालणार नाही. त्यांना कळलंय आणि त्यांना हवंय, हे आम्हाला कुणीतरी दाखवा. तीस तारखेपर्यंत खोली धरून ठेवते, त्यापुढे नाही."

बोलत नाही त्या माणसाची इच्छा दाखवा! म्हणजे आता आकाशातून चिठ्ठी पडणार होती की काय. मी फोनवर नको नको ते बोलले. उचलली जीभ, लावली टाळ्याला. बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमचे भाऊ दिवसा ज्या केंद्रात जातात तिथं एक गट आहे. त्यांना विचारून बघा."

गट मला माहीत होता. केंद्राच्या कोपऱ्यातल्या खोलीच्या दारावर रंगीत अक्षरांत पाटी लावलेली: "आम्हाला कोण विचारतं?" कॉलेजातल्या एक बाई दर मंगळवारी-गुरुवारी येतात आणि तिथं संशोधन चालतं, एवढं ऐकून होते. मला वाटायचं, बाई यांच्यावर संशोधन करतात. तर तसं नव्हतं. संशोधन हेच लोक करत होते. प्रश्न यांचे, पद्धत यांची. चित्रं काढून, चालून, आवाज काढून, मातीचं काहीबाही करून उत्तरं शोधायची. "मी कागद आणि रंग आणते," बाई मला म्हणाल्या, "आणि चुकले की चमचा खाते." मी मनात म्हटलं, बोडक्याचं संशोधन. पण अडला हरी. गेले आणि गटापुढे सगळं मांडलं. अठरा दिवस उरले होते.

अध्यक्षबाईंनी पुरतं ऐकून घेतलं. मग विचारलं, "भाऊ 'नाही' कसं म्हणतात?"

सांगायचं राहिलं, गटानं पहिल्याच दिवशी छोटू हे नाव नापास केलं होतं. एकावन्न वर्षांच्या माणसाला छोटू? तेव्हापासून तिथं तो भाऊ.

"तो नाही म्हणतच नाही," मी अभिमानानं सांगितलं. "इतका गुणी आहे. कधी हट्ट नाही, कधी काही नाही."

अध्यक्षबाईंनी गटाकडे बघितलं. गटातल्या आठही जणांनी मान हलवली, डॉक्टर लोक वाईट रिपोर्ट बघून हलवतात तशी.

"मग त्यांचं 'हो' धरता येणार नाही," त्या म्हणाल्या. "हा आमचा नियम आहे. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याचं हो मोजायचं नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मला दूध आवडत नाही. मी तीस वर्षं प्यायले. हो म्हटलं की माणसं पुढच्या कामाला लागतात."

असलं साधं वाक्य मी जन्मात ऐकलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला, खरं सांगते. आणि लगेच रागही आला, कारण माझे अठरा दिवस चालले होते आणि हे लोक धाकट्याचं "हो" शोधायचं सोडून "नाही" शोधायला निघाले होते. त्यातूनच तो खारट चहाचा ठराव आला.

कॉलेजच्या बाईंनी हात वर केला. "कुणाला फसवून काही करायचं नाही," त्या म्हणाल्या. त्यावर पंधरा मिनिटं वाद झाला. शेवटी ठरलं की धाकट्याला आधी सांगायचं. म्हणून अध्यक्षबाई त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या आणि हळूहळू म्हणाल्या, "भाऊ, हा चहा वाईट आहे. यात मीठ आहे. नको असेल तर पिऊ नका. इथं कुणी रागावणार नाही." एवढं बोलून त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडेच का पाहिलं, तेव्हा कळलं नाही.

धाकट्यानं कप उचलला आणि प्यायला. घोट घोट करत सगळा प्यायला आणि कप बशीत नीट ठेवला.

"बघितलंत? किती गुणी आहे माझा छोटू!" मी म्हणून गेले. पण म्हणता म्हणता माझाच घसा खारट झाला.

मग उलटा मोजा झाला, डगडगणारी खुर्ची झाली, कानाशी घंटा झाली. प्रत्येक वेळी आधी सांगून, प्रत्येक वेळी "नको तर नको" म्हणून. धाकट्यानं मोजा घातला, खुर्चीवर बसला, घंटेजवळ उभा राहिला. दीड तास असा गेला. मी म्हटलं, संपलं, यांना काही मिळणार नाही, पालथ्या घड्यावर पाणी.

तेव्हा अध्यक्षबाई म्हणाल्या, "कारकून, वाचा. काय दिलं आणि काय झालं, तेवढंच."

कारकून म्हणजे चाळिशीचा एक माणूस, दोन्ही मनगटांवर घड्याळं. एक बंद पडलं तर दुसरं हवं म्हणून. त्यालाही ऑटिझम आहे, पण तो बोलतो, फक्त कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. खोलीत जे घडतं ते वेळेसकट वहीत लिहितो. अर्थ लिहीत नाही. का झालं, असं विचारलं तर कानांवर हात ठेवतो आणि म्हणतो, "का ते माझं काम नाही." तो भिंतीकडे तोंड करून वाचायला लागला.

"दहा वाजून चार. चहा दिला. आवाज बंद. दहा वाजून सात. कप रिकामा. आवाज सुरू. दहा वाजून अकरा. मोजा उलटा. आवाज बंद. दहा वाजून सोळा. मोजा काढला. आवाज सुरू."

"परत वाचा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

त्यानं परत वाचलं. कॉलेजच्या बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मला अजून कळत नव्हतं, इतकी मी मठ्ठ. कुठला आवाज, असंच मी विचारणार होते.

"ताई, तुमच्याकडे लांब कागद आहे का?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

कपड्यांचे साचे कापायचा खाकी कागद माझ्याकडे असतोच. गुरुवारी मी आख्खं भेंडोळं घेऊन गेले. गटानं ते व्हरांड्यात पसरलं. एक मिनिट म्हणजे एक पाऊल, असं ठरलं. कारकून वाचत गेला आणि अध्यक्षबाई गुडघ्यांवर सरकत सरकत जाड निळ्या खडूनं रेघ ओढत गेल्या. धाकट्याचा आवाज चालू होता तिथं लाटांची रेघ. बंद होता तिथं काहीच नाही, नुसता कागद. व्हरांडा संपला तेव्हा कागद पायऱ्या उतरून अंगणात गेला.

मग सगळे एका रांगेत उभे राहिले, धाकटाही, आणि त्या रेघेवरून चालायला लागले. जिथं रेघ होती तिथं सगळ्यांनी हम्म्म असा आवाज काढायचा, जिथं रेघ नाही तिथं गप्प. चालणं मात्र थांबवायचं नाही. हे त्यांचं संशोधन! मला आधी हसू येत होतं. नऊ मोठी माणसं एकामागून एक हम्म्म करत निघालेली, रस्त्यावरून कुणी बघितलं असतं तर काय म्हणालं असतं?

आणि मग पहिली मोकळी जागा आली. आवाज थांबला. फक्त पावलं वाजत राहिली. कारकून म्हणाला, "चहा." तीन पावलं झाली. आवाज सुरू झाला. पुढं परत थांबला. "मोजा." पाच पावलं. परत सुरू. परत थांबला. "घंटा."

मी व्हरांड्याच्या खांबाला धरून उभी होते आणि मला ऐकू आलं. एकावन्न वर्षांत पहिल्यांदा ऐकू आलं. तो नाही म्हणत होता. प्रत्येक वेळी, अगदी स्पष्ट, न चुकता. चहा पिताना नाही म्हणत होता, मोजा घालताना नाही म्हणत होता. हातानं सगळं करत होता आणि पोटातला आवाज बंद करून सांगत होता, की मला हे नको आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, माझा तर कळसा काखेत पन्नास वर्षं होता. अहो, मी थक्क झाले. असं काही बघायला मिळणं म्हणजे काय ते कसं सांगू? ज्यांना दोन आणि दोन चार होतात हे कुणी पुरतं शिकवलं नाही, त्या माणसांनी एका भेंडोळ्यावर माझा आख्खा भाऊ मला काढून दाखवला होता.

व्हरांड्याच्या मध्यावर, चहा आणि मोजा यांच्या मधे, आणखी एक मोकळी जागा होती, चालताना माझ्या लक्षात न आलेली. अगदी छोटी, एका पावलाची.

"इथं काय झालं?" कॉलेजच्या बाईंनी विचारलं.

कारकुनानं वही बघितली. "दहा वाजून आठ. ताई म्हणाल्या, 'किती गुणी आहे माझा छोटू.' आवाज बंद. दहा वाजून नऊ. आवाज सुरू."

मी तिथंच पायरीवर बसले. धाकटा रांगेतून चालत माझ्याशेजारून पुढं गेला, हम्म्म करत, आणि जाताना माझ्याकडे एक नजर टाकून गेला. रागाची नव्हती. असती तर बरं झालं असतं.

कॉलेजच्या बाई लगेच भुलल्या नाहीत, हे सांगायला हवं. त्या म्हणाल्या, "माणूस मन लावून ऐकत असेल तरी गप्प होतो. आवडलं तरी होतो." मग गटानं पुढच्या मंगळवारी आवडीच्या गोष्टी करून बघितल्या. इस्त्रीचा गरम कपडा गालाला लावायला त्याला फार आवडतं, तो लावला, तर आवाज वर चढला. कुणीतरी म्हणालं, झोपेतही तो गप्पच असणार. अध्यक्षबाई म्हणाल्या, "झोपलेला माणूस झोपतो. त्याला प्रश्न विचारायचा नाही." सगळे खो खो हसले. नियम वहीत लिहिला गेला.

घरी मी दुकान बंद ठेवलं. बुधवारी सकाळी कपाटातून त्याचा हिरवा स्वेटर काढला, मी विणलेला. अकरा हिवाळे तो त्याच्या अंगात घालतेय. त्याच्यासमोर धरला. आवाज बंद. त्यानं शहाण्यासारखे दोन्ही हात वर केले, घालून घ्यायला. मी स्वेटर मागं घेतला. आवाज सुरू. परत पुढं केला. बंद. अकरा हिवाळे रोज सकाळी हा माणूस मला नाही म्हणत होता आणि मी त्याच्या गालावरून हात फिरवून म्हणत होते, "बघा, कसा गप्प उभा राहतो."

आणि गप्प राहायला शिकवलं कुणी? आम्हीच. पाहुणे आले की आई त्याला म्हणायची, "आवाज नको हं," आणि तो गप्प झाला की हातात बिस्किट. मीही तेच पुढं चालवलं. आमच्या घरात गप्प म्हणजे शहाणा. त्याला नको असायचं तेव्हा तो गप्प व्हायचा आणि आम्ही त्याला त्याबद्दल बिस्किट द्यायचो! असली चूक दुसऱ्या कुठल्या घरात होईल? मी स्वेटर मांडीवर घेऊन जमिनीवर बसून रडले. तो माझ्या बाजूला बसून हम्म्म करत राहिला.

तारीख आली पाच दिवसांवर. आता कुठं गट "हो" विचारायला तयार झाला. त्यातही नियम. तीनदा विचारायचं, तीन वेगळ्या दिवशी, तीन वेगळ्या तऱ्हांनी.

पहिल्या दिवशी बसथांब्यापाशच्या त्या घरी अध्यक्षबाईंनी शब्दांनी विचारलं. रिकाम्या खोलीत उभं राहून, "भाऊ, इथं राहायचं?" आवाज चालू राहिला. "राहायचं नाही?" आवाज चालूच. "प्रश्न वाईट होता," त्या म्हणाल्या आणि स्वतःवरच चमचा आपटला. पण तो दुपारभर त्या घरात हिंडला, स्वयंपाकघरात उभा राहिला, तिथं राहणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या शेजारी बसून त्यांचं कोडं जुळवणं बघत राहिला, आणि आवाज एकदाही तुटला नाही. कारकुनाच्या वहीत त्या दुपारची दोनच वाक्यं आहेत.

दुसऱ्या दिवशी वस्तूंनी. त्याची उशी, चादर, कंगवा, पाण्याचा पेला असं सगळं मी पिशवीतून नेलं. खोलीत मांडलं, आवाज चालू. पिशवीत परत भरलं, आवाज बंद. परत मांडलं, चालू. मी व्यवस्थापक बाईंना म्हटलं, "झालं की आता. द्या तो फॉर्म." माझा अर्धा जीव भांड्यात पडला होता.

"तिसरं राहिलं," अध्यक्षबाई म्हणाल्या. "उद्या तुम्ही विचारायचं."

"मी? मी कशाला?"

"मला नाही म्हणणं सोपं आहे. मी भाऊंची कुणी नाही. ज्याला नाही म्हणणं सगळ्यात अवघड, त्यानं शेवटी विचारायचं. उद्या त्यांना म्हणा, घरी चल. आणि खरं म्हणा. खोटं खोटं म्हटलेलं त्यांना कळेल."

खरं म्हणायला मला काय कष्ट होते? तुम्हाला सांगते, फॉर्मसाठी मी महिनाभर जीव टाकत होते, पण त्या रिकाम्या खोलीत त्याची उशी बघितल्यापासून माझ्या पोटात एकच होतं, की याला घेऊन पळून जावं. झडप गेली उडत. ऑपरेशन गेलं उडत. याला इस्त्रीचा कपडा गालाला कोण लावणार?

तिसऱ्या दिवशी दुपारी धाकटा त्या खोलीत पलंगाच्या काठावर बसला होता. पायात मोजे, बूट पलंगाखाली. आवाज चालू. दारात अध्यक्षबाई, कारकून, कॉलेजच्या बाई आणि मागं व्यवस्थापक बाई. मी आत गेले. त्याच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "चल रे राजा. आपल्या घरी जाऊ."

खरं म्हटलं. इतकं खरं मी आयुष्यात काही म्हटलं नसेल.

आवाज थांबला. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता, तो मला ऐकू यायला लागला. धाकटा खाली वाकला. पलंगाखालून बूट काढले, एक घातला, दुसरा घातला, नाड्या बांधल्या. त्या बांधायला मी त्याला सात वर्षं शिकवलं होतं. मग उठला आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, दाराकडे तोंड करून, निघायला तयार.

"येतायत की तुमच्याबरोबर," व्यवस्थापक बाई हळूच म्हणाल्या.

अध्यक्षबाईंच्या हातात चमचा होता, पण तो हलला नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या. कारकुनाचं पेन वहीवर टेकलेलं. मी नुसता त्याचा दंड धरला असता आणि चालायला लागले असते, तर तो आला असता. बसमध्ये माझ्याशेजारी बसला असता. घरी पोचून जेवला असता. पुढंही आला असता, साठ खाटांपर्यंत, माझ्या मागून, मी नेईन तिथं, एक शब्द न काढता. सगळे म्हणाले असते, बहिणीवर किती जीव आहे.

मी त्याच्याकडे बघितलं. चेहरा सरळ, ओठ मिटलेले. आतून काहीही येत नव्हतं.

"नाही म्हणतोय तो," मी म्हटलं.

माझा आवाज फाटला, म्हणून मी परत म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माझा भाऊ नाही म्हणतोय. लिहा."

त्याला धरून परत पलंगावर बसवलं. डॉक्टरांनी वाकू नका म्हणून सांगितलं होतं, तरी खाली बसले. नाड्यांच्या गाठी त्यानं नेहमीसारख्या घट्ट मारलेल्या, सुटता सुटेनात. एक बूट काढला. दुसरा काढला. दोन्ही पलंगाखाली जोडीनं ठेवले आणि जमिनीवर हात टेकून उठायला लागले. उठून पुरती उभी राहिले तेव्हा तो सुरू झाला, आधी बारीक, मग खोलीभर.

"चार वाजून बारा," मागं कारकून लिहिता लिहिता म्हणाला. "ताईंनी ऐकलं."